नोंद नसलेला चावा

रात्री सव्वादोनला इंटरकॉम वाजला. साठी ओलांडलेल्या माणसाच्या घरी अशा वेळी घंटी वाजली, की नळाकडे किंवा चोराकडे मन जात नाही. ते थेट नातेवाइकांकडे जाते. मी धडपडत उठलो. पलीकडून आमच्या इमारतीचा रात्रपाळीचा सुरक्षारक्षक बोलत होता. "काका, झोपमोड केली, माफ करा. कुत्रं चावलंय. रगत थांबंना झालंय."

ही गोष्ट २०२४ च्या ऑगस्टातली. त्याने मलाच का उठवले, याचे उत्तर सोपे आहे. बँकेतून निवृत्त झालेल्या माणसाला गृहनिर्माण संस्थेचा खजिनदार करावे, हा नियम कोणत्या कायद्यात लिहिला आहे ते मला ठाऊक नाही. पण ठाण्यात तो कसोशीने पाळला जातो. महिन्याच्या बारा तारखेला सुरक्षारक्षकांच्या एजन्सीचा धनादेश माझ्या सहीने निघतो. त्यामुळे मीच आपला मालक आहे, असे त्या पोराला वाटत असावे. मालक नेमका कोण, हा प्रश्न पुढे किती अवघड होणार आहे, हे त्या रात्री आम्हां दोघांनाही माहीत नव्हते.

खाली गेलो. बाहेर धो धो पाऊस. गाड्यांच्या रांगेजवळ तो एका पायावर उभा, पोटरीला गमछा गुंडाळलेला. माझ्यामागून सौ. उतरली. तिने गमछा सोडला, दातांच्या खुणा पाहिल्या आणि त्याला सरळ बागेच्या नळाखाली बसवले. साबणाची वडी आणि वाहते पाणी, घड्याळ लावून पंधरा मिनिटे. दरम्यान जागे झालेले एक गृहस्थ गॅलरीतून "हळद भरा, हळद!" असे ओरडत होते. दुसऱ्या एका वहिनींनी चुना सुचवला. सौ.ने दोघांकडेही लक्ष दिले नाही. ती शाळेत विज्ञान शिकवायची. जखमेवर हळद, चुना, तेल, तिखट काही लावायचे नाही, फक्त धुवायची आणि डॉक्टरकडे जायचे, हे तिने तीस वर्षे मुलांना सांगितले आहे. "मुलं विसरली असतील, मी नाही," एवढेच ती म्हणाली.

पहाटे त्याला रिक्षात घालून कळव्याला महापालिकेच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयात नेले. जखम खोल होती. अशा जखमेला नुसती लस पुरत नाही. जखमेतच टोचायचे वेगळे औषध असते, इम्युनोग्लोब्युलिन नावाचे. ते दिले. मग लसीच्या तारखांचा कागद हातात आला : आज, तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. कागदाची घडी घालून त्याने ती खिशात ठेवली आणि विचारले, "काका, आजचा खाडा धरतील का?"

त्याला रेबीजची भीती नव्हती. खाड्याची होती.

* * *

आमच्या बाळकुमविषयी दोन शब्द सांगायला हवेत. खाडीकाठचे हे जुने आगरी-कोळ्यांचे गाव. पाडा नंबर एक, दोन, तीन अशी त्याची वस्ती. एका अंगाला कोलशेत आणि ढोकाळी, दुसऱ्या अंगाला माजिवडे आणि कापूरबावडी, आणि नाक्यावरून कशेळीच्या पुलाकडे धावणारा भिवंडीचा रस्ता. मी पहिल्यांदा इकडे आलो तेव्हा कोलशेत रस्त्यावर कारखाने होते आणि पाळी सुटली की सायकलींची रांग लागायची. आता कारखान्यांच्या जागी मनोरे उभे आहेत आणि नाक्यावर मेट्रोचे खांब. माणसे बदलली, गाड्या वाढल्या. बदलली नाहीत ती दोन जातींची मंडळी : रस्त्यावरची कुत्री, आणि त्या कुत्र्यांच्या मधून रात्री-अपरात्री कामासाठी चालणारी माणसे. दूधवाला, पेपरवाला, पोस्टमन, मीटर वाचणारा, कचरा वेचणाऱ्या बाया, सुरक्षारक्षक आणि हल्ली पाठीवर चौकोनी पेटी बांधलेली डिलिव्हरीची पोरे.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी समितीची तातडीची सभा भरली. विषय : कुत्री. पहिला पाऊण तास कुत्र्यांना खाऊ घालणारे आणि न घालणारे यांच्यात खडाजंगी झाली. हा वाद मुंबई-ठाण्याला नवा नाही. १८३२ सालच्या जून महिन्यात कंपनी सरकारने मुंबईतली भटकी कुत्री मारायला माणसे लावली, तेव्हा पारशी मंडळींनी शहर बंद पाडले होते. तो दंगा इतिहासात नोंदला गेला आहे. तेव्हापासून आजपर्यंत अशा प्रत्येक सभेत कुत्र्याची बाजू मांडणारे असतात, कुत्र्याविरुद्ध बोलणारे असतात. ज्याला चावा बसला त्याची बाजू मांडायला कोणी नसते. आमच्याही सभेत तो दाराबाहेर स्टुलावर पाय ठेवून बसला होता.

शेवटी मी त्याच्या खर्चाचा आणि रजेचा विषय काढला. सेक्रेटरी म्हणाले, "तो आपला नोकर नाही, एजन्सीचा आहे." एजन्सीच्या सुपरवायझरला फोन लावला. तो म्हणाला, "कुत्रं भटकं आहे. महापालिकेला विचारा." एक सभासद म्हणाले, "तो स्वतःच त्यांना बिस्किटं घालतो. चावलं, त्याला आपण काय करणार?" आणि मग एकाने अगदी मवाळ आवाजात सुचवले, "दोन हजार हातावर ठेवा आणि विषय मिटवा. लिखापढी नको."

"लिखापढी नको." हे दोन शब्द ऐकले आणि मला एकदम तीस वर्षांपूर्वीचे एक टेबल दिसले. टेबल माझे होते.

* * *

१९९४ साल. मी ठाण्यातल्या एका शाखेत अकाउंटंट होतो. बँकेचे नाव इथे कशाला? त्या काळी बहुतेक बँकांत हेच घडले असते. आमच्याकडे पिग्मी योजना होती. १९२८ साली उडुपीच्या सिंडिकेट बँकेने ती सुरू केली. दिवसाला दोन-दोन आणे दारात जाऊन गोळा करायचे, म्हणजे गरिबाचीही बचत होते, अशी ती सुंदर कल्पना. पुढे अनेक बँकांनी ती उचलली. ही योजना ज्यांच्या पायांवर उभी होती ते म्हणजे पिग्मी एजंट.

आमच्या शाखेचे एक एजंट कापूरबावडीपासून बाळकुमच्या तिसऱ्या पाड्यापर्यंत सायकलने फिरत. पन्नाशीचे, पांढरा सदरा, खांद्याला कापडी पिशवी. पानवाला, इस्त्रीवाला, मच्छी विकणाऱ्या मावश्या, सगळ्यांकडून पाच-दहा रुपये घेऊन कार्डावर सही करायचे. आमच्या घरीही यायचे; माझ्या मुलीच्या नावाने रोज दोन रुपयांचे खाते होते. मुलगी त्यांना पिग्मीमामा म्हणायची. त्यांना पगार नव्हता. गोळा केलेल्या रकमेवर कमिशन, बस्स.

एका बंगल्याच्या आवारात, तिथल्या खातेदाराचे पैसे घ्यायला गेले असताना, पाळीव कुत्र्याने त्यांची मांडी फाडली. त्या दिवसांत सरकारी दवाखान्यात लस म्हणजे पोटात चौदा इंजेक्शने. ही जुनी लस मेंढीच्या मेंदूपासून बनवत. आपल्या देशात तिचा वापर थांबला तो थेट २००५ च्या सुमारास. मामा सकाळी इंजेक्शन घ्यायचे आणि दुपारी पोट धरून सायकल चालवायचे. कारण ज्या दिवशी वसुली नाही, त्या दिवशी कमिशन नाही. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांना ताप भरला आणि मग तीन आठवडे ते आलेच नाहीत.

परत आले ते अर्ज घेऊन. वहीच्या पानावर, वळणदार अक्षरात. बँकेचे काम करताना इजा झाली, तरी औषधोपचाराचा खर्च आणि बुडालेल्या दिवसांचे काहीतरी मिळावे, ही विनंती. मी अर्ज वाचला. आमच्याकडे अशा प्रसंगांसाठी तयार वाक्य होते. ते मी माझ्या सुवाच्य अक्षरात कोपऱ्यात लिहिले : "अर्जदार हे कमिशन एजंट असून बँक व अर्जदार यांच्यात मालक-नोकर संबंध नाही. सबब अर्ज विचारात घेता येत नाही." सही केली. अर्ज परत दिला. मुख्य कचेरीत पाठवलाही नाही. आवक रजिस्टरमध्ये घेतलाही नाही. मग खिशातून दोनशे रुपये काढून म्हणालो, "मामा, हे माझ्याकडून ठेवा."

त्यांनी पैसे घेतले नाहीत. "साहेब, मी मागायला नव्हतो आलो, अर्ज द्यायला आलो होतो," असे म्हणून ते गेले. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे घरी आले, मुलीच्या कार्डावर सही केली, दोन रुपये घेतले.

माझ्या बाजूने मी बराच काळ युक्तिवाद करीत आलो. भरपाईच्या कायद्याच्या त्या वेळच्या यादीत पिग्मी एजंट बसला असता की नाही, यावर दोन वकील दिवसभर भांडले असते. ते खरेच आहे. पण दुसरेही खरे आहे. १९८८ सालीच हैदराबादच्या औद्योगिक न्यायाधिकरणाने ठेवी गोळा करणाऱ्या एजंटांच्या बाजूने निवाडा दिला होता, आणि बँका त्याविरुद्ध वरच्या न्यायालयात लढत होत्या. ती परिपत्रके माझ्याच फायलीत होती. निकाल देणे माझ्या हातात नव्हते. अर्ज नोंदवून वर पाठवणे मात्र माझ्याच हातात होते. नेमके तेच मी केले नाही.

२००१ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने या एजंटांना 'कामगार' ठरवले. त्यांना कायम कर्मचाऱ्यांच्या रांगेत बसवले नाही, पण तो शब्द मात्र दिला. त्या आठवड्यात मामा मला शोधत माझ्या नव्या शाखेत आले. हातात वर्तमानपत्राचे कात्रण आणि चार पेढे. म्हणाले, "साहेब, आम्ही कामगार आहोत म्हणे." कुत्र्याचा, अर्जाचा शब्दही त्यांनी काढला नाही. मी पेढा खाल्ला. तो घशाखाली उतरायला फार वेळ लागला. निवृत्तीनंतर मी तीन कादंबऱ्या लिहिल्या, पण मामांना एकाही कादंबरीत घ्यायचे धैर्य झाले नाही.

* * *

तर त्या रात्री सभेतून घरी आलो आणि सौ.ला सगळे सांगितले. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दोनशेचे दोन हजार झाले म्हणायचे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी गेटवर जाऊन रात्रपाळीचे रजिस्टर मागितले. ऑगस्टातल्या त्या तारखेखाली, पावसाने किंचित पसरलेल्या निळ्या शाईत, दोन ओळी होत्या. "रात्री २ वा. गाडीखाली कुत्री पिलासह. साहेबांनी हाकला म्हणून फोन केला. हाकलताना चावली." पुढे फ्लॅटचा क्रमांक. रक्त थांबत नसताना या पोराने आधी नोंद केली होती आणि मग मला फोन! मी चाळीस वर्षे नोंदींवर पोट भरले, पण माझ्याच्याने हे झाले नसते.

या दोन ओळींत सगळा कायदा होता. कामावरच्या इजेच्या बाबतीत कायदा मुख्यतः दोन प्रश्न विचारतो : इजा काम करताना झाली का, आणि कामामुळे झाली का? तो बिस्किटे घालत होता का, हा प्रश्न इथे गैरलागू ठरतो, कारण त्या घटकेला तो बिस्किटे घालत नव्हता. एका सभासदाच्या सांगण्यावरून गाडीखालची कुत्री हाकलत होता. पाळीची वेळ, पाळीची जागा, वरून आलेला हुकूम. आणखी काय हवे?

कुत्रे भटके होते म्हणून मालकाची जबाबदारी संपते, हाही गैरसमज. कामगाराच्या अंगावर भिंत पडली तर भिंत कोणाची हे आपण विचारतो का? १९२३ चा कामगार नुकसानभरपाई कायदा मालकाची चूक शोधत बसत नाही. मालक निर्दोष असला तरी त्याच्या कामात माणूस जखमी झाला एवढे पुरते. मध्ये कंत्राटदार असला, तरी ज्याच्या धंद्याचे ते काम आहे त्या मूळ मालकाकडेही भरपाई मागता येते. त्याने ती देऊन कंत्राटदाराकडून वसूल करावी. तात्पुरत्या अपंगत्वात दर पंधरवड्याला मासिक वेतनाचा चौथा हिस्सा, पहिले तीन दिवस प्रतीक्षेचे. २०१० पासून औषधोपचाराचा प्रत्यक्ष खर्चही त्यात आला. एक महिन्यात पैसे दिले नाहीत तर १२ टक्के व्याज आणि वर निम्म्यापर्यंत दंड. दावा दोन वर्षांच्या आत, कामगार भरपाई आयुक्तांपुढे. महाराष्ट्रात कामगार न्यायालयाचे न्यायाधीश हे काम पाहत आले आहेत.

आता 'काम करताना' म्हणजे किती ताणायचे, यावर आपल्या न्यायालयांनी फार माणुसकीने विचार केला आहे. बेस्टचा एक बसचालक जोगेश्वरीच्या डेपोत पाळी संपवून बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी निघाला होता. वाटेत अपघातात तो गेला. १९६३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या विधवेच्या बाजूने निकाल दिला : घरी जाणेही त्याच्या नोकरीचाच भाग होता. आणि अगदी अलीकडचे उदाहरण उस्मानाबादकडचे, म्हणजे आताच्या धाराशिवचे. साखर कारखान्याचा एक पहारेकरी २००३ च्या एप्रिलमध्ये पहाटे तीनच्या पाळीला मोटारसायकलवरून निघाला आणि कारखाना पाच किलोमीटरवर असताना अपघातात गेला. भरपाई मिळाली, उच्च न्यायालयात गेली, आणि २०२५ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने ती पुन्हा दिली. बावीस वर्षे लागली. पण पहाटे तीनच्या पाळीला जाणारा माणूस हौसेने रस्त्यावर नसतो, एवढे मान्य झाले.

* * *

आमच्या पोराचे प्रकरण मात्र वेगळ्याच वाटेने गेले. मी त्याच्या पगाराची चिठ्ठी मागितली. किनवटकडून आलेला हा मुलगा चिठ्ठ्या गादीखाली जपून ठेवत होता, पण वाचत नव्हता. महिना १६,५०० रुपये. कपातीच्या रकान्यात 'ईएसआय – १२४'.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचले. राज्य विमा योजनेचा कामगाराचा हिस्सा पाऊण टक्का असतो, मालकाचा सव्वातीन टक्के. चौदा महिने त्याचे पैसे कापले जात होते, भरलेही जात होते. त्याला कार्ड मात्र कोणी दिले नव्हते, की विमा क्रमांक सांगितला नव्हता. "हे १२४ कशाचे, काका?" त्याने मलाच विचारले. म्हणजे छत्री विकत घेतलेली, पण ती कोपऱ्यात आहे हे कोणी सांगितलेच नाही!

१९४८ च्या या योजनेत जो विमाधारक आहे, त्याने भरपाई कायद्याखाली मालकाकडे मागायचे नाही. विमा महामंडळाकडे मागायचे. दोन्हीकडून घेता येत नाही. पण इथला लाभ अधिक चांगला : उपचार फुकट, आणि कामावरच्या इजेने घरी बसावे लागले तर सरासरी रोजाच्या ९० टक्के. त्यासाठी अमुक महिने वर्गणी भरलेली असावी, अशी अट नाही; नोकरीच्या पहिल्या दिवशी इजा झाली तरी चालते. आणि इजा काम करताना झाली असेल, तर उलट पुरावा येईपर्यंत ती कामामुळेच झाली असे धरून चालतात. अडचण एकच. मालकाने अपघाताचा अहवाल लेखी द्यावा लागतो. म्हणजे पुन्हा लिखापढी!

एजन्सीचा साहेब फोनवर गोड बोलायचा. "काका, तुम्ही कशाला त्रास घेता? पोराला आम्ही बघून घेऊ." दरम्यान जखम चिघळली होती आणि पोर भाड्याच्या खोलीत पडून होते. मग मी बँकवाल्याला येते ते एकमेव शस्त्र काढले. पत्र लिहिले. मुलाच्या सहीने, तारीख-वेळ-जागा घालून, सोबत गेट रजिस्टरच्या पानाची छायाप्रत, रुग्णालयाचा कागद आणि चिठ्ठीची प्रत. एक प्रत एजन्सीला पोचपावतीच्या डाकेने, एक आमच्या संस्थेला. संस्थेची प्रत मीच घेतली, आवक क्रमांक घातला आणि शिक्का मारला. शिक्का मारताना हात थोडा थरथरला, हे इथे कबूल करतो.

समितीत वादळ झाले. गाडीवाले सभासद माझ्याशी महिनाभर बोलले नाहीत. कोणीतरी म्हणाले, रजिस्टर भिजले आहे, नवे घालू या. मी सांगितले, नवे जरूर घाला. जुने माझ्या कपाटात आहे. बाराव्या दिवशी एजन्सीने अहवाल भरला. पुढे वागळे इस्टेटला विमा योजनेच्या रुग्णालयात त्याची कागदपत्रे झाली, डॉक्टरांनी रजेचे दाखले दिले. सोळा दिवसांचे, रोज ४९५ रुपयांप्रमाणे, ७,९२० रुपये त्याच्या खात्यात आले. रक्कम मोठी नाही. आमच्या इमारतीत एका वाढदिवसाला याहून जास्त केक लागतो. पण त्याने गावी फोन करून आईला जे सांगितले ते मी ऐकले : "मदत न्हाई गं आये, हक्काचे हायेत."

* * *

वाचकहो, हे सारे सांगितले ते एवढ्यासाठी की आपल्या प्रत्येकाच्या दारात कोणीतरी कामासाठी येते. २०२२ साली पनवेलजवळच्या एका संकुलात लिफ्टमधून बाहेर पडणाऱ्या डिलिव्हरीच्या मुलाला पाळीव कुत्र्याने चावा घेतला. ते चित्रीकरण घरोघरी पाहिले गेले. २०२३ च्या जानेवारीत हैदराबादला असाच एक मुलगा ग्राहकाचा कुत्रा अंगावर आला म्हणून तिसऱ्या मजल्यावरून खाली पडून मरण पावला. या मुलांना कंपन्या 'पार्टनर' म्हणतात. मला हा शब्द ऐकला की माझे जुने हस्ताक्षर आठवते. 'कमिशन एजंट' काय आणि 'पार्टनर' काय, मानाचा शब्द देऊन हक्काचा शब्द काढून घ्यायची युक्ती तीच. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली. भरपाईचा आणि राज्य विम्याचा जुना कायदा तिच्यात सामावला; कामामुळे झालेल्या इजेचे मूळ तत्त्व तेच राहिले. या संहितेने डिलिव्हरीच्या मुलांची दखल घेतली आहे. कंपन्यांनी उलाढालीचा एक ते दोन टक्के वाटा त्यांच्या कल्याणासाठी द्यायचा आहे, आणि त्यातून अपघात विम्यासारख्या योजना व्हायच्या आहेत. 'कामगार' हा शब्द मात्र त्यांना अजून मिळालेला नाही. मामांना तो मिळायला किती वर्षे लागली, ते वर सांगितलेच आहे.

कुत्रा पाळीव असेल तर धन्याचीही सुटका नाही. जनावर सांभाळण्यात हयगय केली तर भारतीय न्याय संहितेच्या २९१ व्या कलमाने सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. जुन्या दंडसंहितेतही हे कलम होतेच. २०२३ साली गिरगावच्या न्यायालयाने, २०१० साली एका वृद्धाला चावलेल्या कुत्र्याच्या मालकाला तीन महिन्यांची कैद सुनावली. भटक्या कुत्र्याच्या चाव्याबद्दल सरकारकडे भरपाई मागण्याची वाटही न्यायालये मोकळी करीत आहेत. पंजाब व हरियाणा उच्च न्यायालयाने २०२३ साली दाताच्या प्रत्येक खुणेला किमान दहा हजार रुपये असा हिशेबच घालून दिला. तो निकाल तिथल्यापुरता असला, तरी दातांच्या खुणा मोजण्यासारख्या असतात एवढे न्यायालयाला वाटले, हे काय कमी आहे?

आपल्या घरच्या धुणे-भांड्याच्या बाईसाठी मात्र कायद्याची वाट फार अरुंद आहे. तिथे आपली रीतच कामाला यायची. तिला आपल्या किंवा शेजारच्या कुत्र्याने ओरबाडले, तर रिक्षाचे भाडे, लसीच्या चारही तारखांना पगारी रजा आणि औषधाचा खर्च देणे, एवढे तरी कोणाच्या हुकमाची वाट न पाहता व्हायला हवे.

आणि जो चावला गेला त्याने काय करायचे? जखम धुवायची, लस पुरी करायची, चौथी तारीख चुकवायची नाही. रुग्णालयाचा कागद जपायचा. दोन साक्षीदारांची नावे लिहून ठेवायची. आणि त्याच दिवशी, शक्यतो लेखी, मालकाला कळवायचे. शुद्धलेखन चुकले तरी चालेल.

यंदाच्या वार्षिक सभेत मी 'अपघात नोंदवही' घ्यायचा ठराव मांडला. पाच जण बाजूने, चार विरुद्ध. जाड पुठ्ठ्याची वही आणली, पाने क्रमांकित केली, गेटच्या खणात ठेवली. परवा रात्री सहज खाली गेलो तर तोच पोरगा पाळीवर होता. पोटरीवरची खूण आता फिकट झाली आहे. वही उघडून पाहत होता. मला म्हणाला, "काका, पहिल्या पानावर माझं घेऊ का? जुनं आहे, पण नोंद व्हायला पाहिजे न्हवं?"

मी म्हटले, "घे." त्याने खाली बसून तारीख घातली. त्याचे लिहून झाल्यावर मी वही मागून घेतली, आणि त्याच्या ओळीच्या वर जी थोडी जागा उरली होती तिथे १९९४ हा आकडा लिहिला. पुढे नाव लिहिणार होतो. मग वाटले, त्यांच्या मुलाला आधी विचारायला हवे. तो कापूरबावडीला राहतो, असे ऐकले आहे. उद्या जाईन म्हणतो.